बारा पॉइंटच्या बारा भानगडी

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि एका खिडकीतली अक्षरं पाटीवर लिहिल्यासारखी, तर दुसरीतली मुंगीएवढी? चष्म्याचा नंबर वाढला म्हणून घाबरण्याआधी हे वाचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचून घेतला, काचा बदलून पाहिल्या आणि म्हणाले, "नंबर तोच आहे. कशावर काम करतेस? स्क्रीनवरची अक्षरं केवढी ठेवतेस?"

मी गप्प. माझ्या लॅपटॉपवर या प्रश्नाला एक उत्तरच नव्हतं. फाइलींच्या खिडकीत अक्षरं भलीमोठी, व्हिडिओ एडिटरमध्ये मध्यम, चॅटच्या अ‍ॅपमध्ये बारीक आणि ब्राउझरमध्ये साइट बघून कधी अशी, कधी तशी. दिवसभर मान पुढे, मान मागे. संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं की आईचं निदान तयार असायचं, "त्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसल्यावर दुसरं काय होणार!" बिचाऱ्या मोबाइलचा यात काहीच दोष नव्हता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट माझ्यासारखीच असेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी त्यामानाने नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. माझ्या सेकंडहँड लॅपटॉपकडे ते नाही. नवा घ्यायला इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये जमत नाही आणि चोरीचं विंडोज टाकायचं नाही, असं ठरवलेलं. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. फुकट, हलकं, वापरायला सोपं. जुना लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. फक्त ही अक्षरांची भानगड मागे लागली.

खरं सांगते, एका रात्री वैतागून परत विंडोज टाकायला बसले होते. अनेक जण लिनक्स सोडतात ते काही मोठ्या तांत्रिक कारणामुळे नाही, अशा रोज टोचणाऱ्या बारीकसारीक गोष्टींमुळे. तेव्हा ही गोष्ट मुळापासून समजून घेऊ. समजली की तासाभरात सुटते.

वाटी कुणाची?

'एक वाटी रवा, एक वाटी साखर' अशी पाककृती आपण वाचतो. पण आजीची वाटी आणि हॉस्टेलवरची वाटी सारखी असते का? फॉन्टच्या आकाराचं अगदी तसंच आहे.

फॉन्टचा आकार आपण 'पॉइंट'मध्ये सांगतो. हे छपाईच्या जगातलं माप. कम्प्युटरवर एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. म्हणजे १२ पॉइंटला इंचाचा सहावा भाग मिळतो. कागदावर हे पक्कं असतं. स्क्रीन मात्र इंचात मोजत नाही, ती ठिपके म्हणजे पिक्सेल मोजते. एका इंचात किती ठिपके आहेत, हे कुणीतरी ठरवल्याशिवाय पॉइंटचे पिक्सेल करता येत नाहीत. याच आकड्याला डीपीआय म्हणतात.

गंमत इथे सुरू होते. विंडोजप्रमाणेच लिनक्सचे बहुतेक डेस्कटॉपही, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, एका इंचात ९६ ठिपके आहेत असं धरून चालतात. त्या हिशेबाने १२ पॉइंटचे १६ पिक्सेल होतात. आता प्रत्यक्ष स्क्रीन बघा. कॉलेजच्या लॅबमधल्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. जुन्या १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर साधारण १००. दोन्ही ९६ च्या जवळचे, म्हणून तिथे अक्षरं ठीक दिसतात. माझा लॅपटॉप १४ इंची फुल एचडी. त्यावर एका इंचात १५७ ठिपके! तेच १६ पिक्सेल इथे दाटीवाटीने बसतात आणि १२ पॉइंटचं अक्षर मोजायला गेलं तर जेमतेम सव्वासात पॉइंटचं भरतं. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर दिवसभर वाचण्यासारखंच हे.

तुमच्या स्क्रीनचा आकडा काढायचाय? रुंदीचे पिक्सेल आणि उंचीचे पिक्सेल घ्या, दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि स्क्रीनच्या कर्णाच्या इंचांनी भागा. नववी-दहावीचं पायथागोरसचं प्रमेय कुठेतरी कामाला आलं, असं तुमच्या गणिताच्या बाईंना नक्की कळवा.

चार बटणं, चार घोळ

अक्षरं लहान दिसतात म्हटल्यावर मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. आधी ब्राउझरचा झूम १५० टक्के केला. मग सेटिंग्जमध्ये जाऊन डेस्कटॉपचा फॉन्ट १० वरून १४ केला. तरी काही खिडक्या बारीकच, म्हणून कुणीतरी सांगितलेला 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' शोधून तो दीडवर नेला.

आता हिशेब बघा. फाइलींच्या खिडकीने दोन्ही गोष्टी ऐकल्या. १४ गुणिले दीड, म्हणजे २१. व्हिडिओ एडिटरने माझा १४ ऐकलाच नाही. त्याने स्वतःचा १० धरला आणि दीडपट तेवढी ऐकली, म्हणजे १५. ब्राउझरमध्ये दीडपट झूम आणि वर दीडपट स्केलिंग, म्हणजे सव्वादोन पट. एका अ‍ॅपने यातलं काहीच मनावर घेतलं नाही. काही खिडक्यांची 'ओके'ची बटणं तर स्क्रीनच्या खाली गायब झाली.

म्हणजे विसंगती लिनक्सने दिली होती थोडीशी, तिचा गुणाकार मी केला होता. बहुतेकांची गाडी इथेच अडकते. हे आकडे एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. म्हणून चार ठिकाणी थोडं थोडं वाढवण्यापेक्षा एका ठिकाणी पुरेसं वाढवायचं, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

एका घरात दोन स्वयंपाकघरं

पण मुळात एक अ‍ॅप ऐकतं आणि दुसरं ऐकत नाही, असं का? याचं उत्तर थोडं मागे जाऊन मिळतं. तिथेही आपल्याच वयाची मुलं भेटतात.

खिडक्या, बटणं, मेन्यू हे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः शून्यापासून बनवत नाही. त्यासाठी तयार सामान मिळतं, त्याला टूलकिट म्हणतात. लिनक्सवर अशी दोन मोठी टूलकिट आहेत, जीटीके आणि क्यूटी. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी 'गिम्प' हा फोटो एडिटर लिहायला घेतला. जीटीके त्याच्यातूनच जन्मलं. क्यूटी हे मूळचं नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचं.

१९९६ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला शिकणारा मॅथियास एट्रिख वैतागला होता. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, सामान्य माणसाने वापरायचं कसं, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने क्यूटी वापरून केडीई हा एकसारखा दिसणारा डेस्कटॉप बनवायचं ठरवलं आणि सोबत यायला प्रोग्रॅमर हवेत, असं आवाहन केलं. पण क्यूटीचा परवाना त्या वेळी पूर्ण मोकळा नव्हता. ते न पटल्यामुळे १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी जीटीकेवर आधारलेला ग्नोम सुरू केला. सगळं एकसारखं करायला निघालेल्या दुनियेत एकाचे दोन झाले! केडीईच्या त्या आवाहनाची तारीख कोणती, माहितीये? १४ ऑक्टोबर. विंडोज १० च्या सपोर्टचा शेवट झाला तीच, फक्त २९ वर्षं आधीची.

तर आज तुमच्या एकाच डेस्कटॉपवर दोन स्वयंपाकघरं चालू असतात. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप जीटीकेच्या घरातला. फाइलींची खिडकी, गिम्प, इंकस्केप हे त्याचेच. व्हीएलसी, ओबीएस, क्रिटा, केडेनलाइव्ह ही मंडळी क्यूटीकडची. तिसरा गट इलेक्ट्रॉनवाल्यांचा. व्हीएस कोड, डिस्कॉर्ड, स्लॅक हे म्हणजे आत लपवलेला क्रोमियम ब्राउझरच. चौथे जावात लिहिलेले प्रोग्रॅम. शिवाय फ्लॅटपॅकमधून टाकलेली अ‍ॅप्स आपल्याच बंद खोलीत राहतात आणि बाहेरच्या सगळ्या सेटिंग्ज त्यांच्यापर्यंत पोचतातच असं नाही. प्रत्येकाची वाटी वेगळी. आपलं काम एवढंच, सगळ्यांना शक्य तितकी एकच वाटी देणं.

आधी पाटी कोरी

पहिली पायरी कंटाळवाणी, पण टाळू नका. आतापर्यंत जे जे बदललं असेल ते मूळ जागी आणा. ब्राउझरचा झूम १००, टेक्स्ट स्केलिंग १, फॉन्ट पूर्वीच्या आकारावर. अ‍ॅपमध्ये झूम केला असेल तर कंट्रोल आणि शून्य दाबलं की बऱ्याच ठिकाणी तो मूळ जागी येतो. कुठून तरी कॉपी करून टर्मिनलमध्ये काही ओळी टाकल्या असतील आणि त्या कुठल्या फाइलमध्ये लिहिल्या गेल्या हे आठवत असेल, तर त्याही काढा.

दुसरी पायरी, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशन बघा. ते स्क्रीनचं मूळचं, म्हणजे सगळ्यात मोठं असलं पाहिजे. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रेझोल्यूशन कमी करणं हा अनेकांचा आवडता जुगाड. त्याने अक्षर मोठं होतं, पण धूसरही होतं. डोळे पुन्हा शिणतात, मग फायदा काय?

तिसरी पायरी म्हणजे खरं बटण. इथे दोन पर्याय आहेत आणि दोघांतला फरक कळणं गरजेचं आहे.

पहिला पर्याय, संपूर्ण इंटरफेसचं स्केलिंग. यात अक्षरं, चित्रं, बटणं सगळंच मोठं होतं. फोर-के स्क्रीन असेल तर २०० टक्के बहुतेकदा चपखल बसतं. मधले आकडे, म्हणजे १२५ किंवा १५० टक्के हवे असतील तर त्याला फ्रॅक्शनल स्केलिंग म्हणतात. मिंटमध्ये ते डिस्प्ले सेटिंग्जमधून वेगळं चालू करावं लागतं. जुन्या मशीनवर त्याने ग्राफिक्सवर ताण येऊ शकतो.

दुसरा पर्याय, टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर. यात फक्त अक्षरं मोठी होतात आणि त्यांना सामावण्यापुरत्या खिडक्या सैलावतात. मिंटमध्ये तो 'फॉन्ट सिलेक्शन'मध्ये सापडतो, ग्नोममध्ये 'ट्वीक्स' नावाच्या अ‍ॅपमध्ये. माझ्यासारख्या मधल्या स्क्रीनसाठी आणि जुन्या मशीनसाठी हाच बरा. गणिताने माझा आकडा १५७ भागिले ९६, म्हणजे १.६ च्या वर येतो. पण लॅपटॉप आपण मॉनिटरपेक्षा जवळ ठेवतो, त्यामुळे एवढी गरज पडत नाही. १.२५ पासून सुरुवात करा आणि थोडं थोडं पुढे जा. मी १.३ वर थांबले.

या दोघांपैकी एकच निवडा. दोन्ही लावले की पुन्हा गुणाकार!

चौथी पायरी, लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अनेक अ‍ॅप्स हा आकडा फक्त सुरू होताना वाचतात. उघडं अ‍ॅप बघून 'काहीच बदललं नाही' म्हणत मी अर्धा तास वाया घालवला होता.

न ऐकणाऱ्यांची यादी

परत लॉगिन केल्यावर रोजची अ‍ॅप्स एकेक करून उघडा आणि कोण अजून वेगळं वागतंय ते कागदावर लिहा. माझ्याकडे सुरुवातीला सगळंच बिघडलंय असं वाटत होतं, यादी केली तर फक्त तीन नावं निघाली.

क्यूटीवाली अ‍ॅप्स वेगळा फॉन्ट किंवा आकार दाखवत असतील तर त्यांच्यासाठी 'क्यूटी-५ सेटिंग्ज' आणि 'क्यूटी-६ सेटिंग्ज' ही छोटी अ‍ॅप्स सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतात. तिथे डेस्कटॉपला दिलाय तोच फॉन्ट आणि तोच आकार द्या. लक्षात घ्या, इथे फक्त फॉन्ट जुळवायचा आहे, नवं स्केलिंग लावायचं नाही. डीपीआय त्यांना बहुतेकदा आधीच मिळालेला असतो.

इलेक्ट्रॉनवाल्यांना कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह पुरतं. ते ब्राउझरचे भाऊबंद, त्यामुळे ब्राउझरसारखेच झूम होतात आणि बरेचसे हा झूम लक्षातही ठेवतात. जावावाल्या प्रोग्रॅममध्ये बहुधा स्वतःच्याच सेटिंग्जमध्ये फॉन्टचा आकार असतो, तो तिथेच बदलावा लागतो. फ्लॅटपॅकमधलं अ‍ॅप हट्टी असेल तर 'फ्लॅटसील' नावाचं अ‍ॅप त्याला काय दिसावं आणि काय नाही हे ठरवू देतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे तेच अ‍ॅप मिंटच्या नेहमीच्या भांडारातून टाकून बघणं.

उबुंटू किंवा केडीईवर असाल तर आणखी एक शब्द कानावर येईल, वेलँड. स्क्रीनवर चित्र काढायची ही नवी पद्धत. जुन्या एक्स-११ मध्ये सगळ्या स्क्रीनना मिळून साधारण एकच डीपीआय असायचा. त्यामुळे लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की एकावर तरी घोळ व्हायचाच. वेलँड प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केलिंग देऊ शकतं. पण जुन्या पद्धतीने लिहिलेली अ‍ॅप्स त्यावर कधीकधी धूसर दिसतात, कारण लहान काढलेलं चित्र नंतर ताणलं जातं. केडीईच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये अशा जुन्या अ‍ॅप्सना 'तुमचं स्केलिंग तुम्हीच करा' असं सांगायचा पर्याय आहे. तो दिला की अक्षरं पुन्हा धारदार होतात.

मराठीची वेगळी गोम

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट उरली होती. इंग्रजी छान, मराठी अजूनही बारीक. तेही एकाच ओळीत!

फॉन्टचा आकार म्हणजे अक्षराची उंची नसते. अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलंय तिची ती उंची. इंग्रजी अक्षर त्या चौकटीत ऐसपैस बसतं. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा ठेवावी लागते आणि खाली उकार आणि जोडाक्षरांनाही. म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ अक्षराचं अंग आखडतं घेतलेलं असतं. त्यात तुम्ही निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेलच, तर 'फॉन्टकॉन्फिग' नावाची यंत्रणा गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणून ठेवते. त्या पाहुण्याची ठेवण वेगळी असते, म्हणून तीच ओळ विजोड दिसते.

यावर उपाय म्हणजे दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेला फॉन्ट निवडणं. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात देवनागरी आणि रोमन एकमेकांशी जुळवलेले आहेत. गूगलच्या नोटो कुटुंबातला 'नोटो सान्स देवनागरी' लिनक्सवर सहज मिळतो. अक्षराऐवजी दिसणारे चौकोनी डबे नकोत, यातून नोटोचं नाव आलंय. त्या डब्यांना गमतीने 'टोफू' म्हणतात.

ब्राउझरमध्ये आणखी छान सोय आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या शेजारी 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण असतं. ते दाबलं की वर लिप्यांची यादी येते आणि तिच्यात देवनागरी आहे. म्हणजे इंग्रजी १६ ठेवून मराठी १८ करता येतं आणि यापेक्षा लहान अक्षर दाखवूच नको, असंही बजावता येतं. फक्त ती साइट 'मी मराठीत आहे' असं ब्राउझरला नीट सांगत असली पाहिजे.

आणि आपल्या पिढीला ज्याचा सगळ्यात जास्त मार बसतो ते म्हणजे लिबर ऑफिस. मागच्या सेमिस्टरला माझा रिपोर्ट लाल शेरा घेऊन परत आला, 'फॉन्ट साइज एकसारखा नाही.' मी तर स्टाइलमध्ये जाऊन १४ केला होता! नंतर कळलं की लिबर ऑफिसमध्ये प्रत्येक स्टाइलला दोन फॉन्ट आणि दोन आकार असतात. एक 'वेस्टर्न', दुसरा 'सीटीएल' किंवा 'कॉम्प्लेक्स', म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. मी फक्त पहिला बदलला होता. त्यामुळे इंग्रजी शब्द १४ चे आणि अख्खा मराठी रिपोर्ट १२ चा. दोन्ही रकाने भरा, आयुष्यात एवढी एक चूक कमी होईल. तिथेच भाषाही मराठी निवडा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

फोन पर्समध्येच

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीची नजर लहानपणापासून अधू आहे. तिच्या परवानगीने लिहितेय. लॅबमध्ये ती माझ्या शेजारी बसते. स्क्रीनवर एखादी बारीक अक्षरांची खिडकी उघडली की ती पर्समधून फोन काढते, स्क्रीनचा फोटो घेते आणि बोटांनी मोठा करून वाचते. मग 'ओके' दाबते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. मला ती सवय वाटायची. माझं कपाळ ठणकायला लागल्यावर पहिल्यांदा वाटलं, हिला रोज केवढा त्रास होत असेल!

माझ्यासाठी हा आठवडाभराचा वैताग होता. तिच्यासाठी ऐकणारं अ‍ॅप म्हणजे स्वतः वाचता येणं आणि न ऐकणारं अ‍ॅप म्हणजे कुणालातरी 'इथे काय लिहिलंय गं?' असं विचारणं. मोठी केलेली अक्षरं एका खिडकीत चालतात आणि दुसरीत नाहीत, तेव्हा नेमका तिचाच रस्ता अडतो.

मागच्या शनिवारी आम्ही तिचा लॅपटॉप घेऊन बसलो. पाटी कोरी केली, टेक्स्ट स्केलिंग दीडच्या पुढे नेलं, लॉगआउट, लॉगिन, यादी. तिच्या यादीत चार नावं निघाली. तीन सुटली. चौथं जावाचं एक जुनं अ‍ॅप काही केल्या ऐकेना, त्याच्या जागी तिने दुसरं शोधलं. लॉगिनचा स्क्रीनही वेगळा नीट करावा लागला, कारण आपण आत शिरण्याआधी त्याला आपली सेटिंग्ज ठाऊकच नसतात.

शेवटी तिने एक फाइल डिलीट करायला घेतली. पडद्यावर खात्री करून घेणारी छोटी खिडकी आली. ती वाचून तिने 'कॅन्सल' दाबलं, कारण चुकीची फाइल निवडली गेली होती. फोन पर्समध्येच होता.

चटकन उजळणी

• आधी सगळे झूम आणि स्केलिंग मूळ जागी आणा. आकडे गुणले जातात, हे विसरू नका.

• रेझोल्यूशन स्क्रीनचं मूळचंच ठेवा.

• इंटरफेस स्केलिंग किंवा टेक्स्ट स्केलिंग, दोघांपैकी एकच वापरा.

• बदल केला की लॉगआउट करून परत या, मगच निकाल बघा.

• न ऐकणाऱ्या अ‍ॅप्सची यादी करा आणि फक्त त्यांनाच वेगळं सांगा.

• ब्राउझर आणि लिबर ऑफिसमध्ये देवनागरीचा आकार वेगळा तपासा.

• काय बदललं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नवं व्हर्जन टाकाल तेव्हा स्वतःलाच दुवा द्याल.